जुन्या सर्व्हलेटला स्प्रिंगची बीन देताना: एका पतपेढीच्या कामाच्या नोंदी

शनिवार, १ जून २०२४

मध्य रेल्वेचा ६३ तासांचा ब्लॉक चालू आहे. ठाण्याला प्लॅटफॉर्म रुंद करतायत, त्यामुळे डोंबिवलीहून हलायचा प्रश्नच नाही. घरी बसून कामाची मांडणी केली.

गिऱ्हाईक म्हणजे लालबाग-परळ भागातली एक पतपेढी. तिचा सगळा प्रोग्रॅम मॅनेजर साहेबांच्या केबिनमागच्या एका मशीनवर चालतो. जुना भाग म्हणजे चाळीसेक सर्व्हलेट (ब्राउझरकडून किंवा मशीनकडून आलेली मागणी घेऊन उत्तर देणारे जावाचे प्रोग्रॅम) आणि त्यांच्या जेएसपी, म्हणजे पानं बनवणाऱ्या फायली. कोणी लिहिल्या ते आता पेढीतही कुणाला आठवत नाही. गेल्या वर्षी काउंटरचा भाग मी स्प्रिंग या जावाच्या चौकटीत, तिच्या वेबच्या भागात म्हणजे स्प्रिंग एमव्हीसीत, नव्याने लिहून दिला. तेव्हापासून एका छपराखाली दोन चुली आहेत.

खटका उडतो पिग्मीवर. एजंट दिवसभर दुकानादुकानांतून दैनिक ठेव गोळा करतात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पेढीत येऊन हातातल्या मशीनमधून दिवसाची फाइल वर चढवतात. ती फाइल एक जुनं सर्व्हलेट घेतं आणि स्वतःच्या एसक्यूएलने (डेटाबेसला द्यायच्या हुकमांनी) नोंदी टाकतं. काउंटरवर भरलेली ठेव मात्र माझ्या 'ठेवसेवा' नावाच्या बीनमधून, म्हणजे स्प्रिंगने तयार करून सांभाळलेल्या ऑब्जेक्टमधून, जाते. मुदतपूर्व बंद, दंड, पावती क्रमांक हे सगळे नियम दोन ठिकाणी लिहिलेले, आणि दोन ठिकाणी लिहिलेलं कधी ना कधी वेगळं होतंच. एजंटची मशीन पुरवणारा फाइल पाठवायचा पत्ताही बदलून देणार नाही आणि फाइलचा साचाही. म्हणजे सर्व्हलेट जागचं हलवायचं नाही, पण त्याच्या हाती स्प्रिंगची तीच ठेवसेवा द्यायची.

बोली: ४५,००० रुपये, तीन आठवडे. जोडीला एक पोरगा घेतलाय, नुकताच पास झालेला, हात चलाख आहे.

जावा ११, सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर टॉमकॅट ९, स्प्रिंग ५.३, डेटाबेस मायएसक्यूएल ८, डेटाबेसची कनेक्शन उघडून तयार ठेवणाऱ्या पूलसाठी हिकारी. हे आधीच लिहून ठेवते, कारण याच्यावरच पुढे सोमवारचे चार तास गेले.

सोमवार, ३ जून

चाचणीसाठी लॅपटॉपवर वेगळं टॉमकॅट टाकलं. 'नवं ते बरं' म्हणून १० उतरवलं. अॅप्लिकेशन उठेचना. एका जुन्या लिसनरचा (अॅप्लिकेशन उठताना आणि बंद होताना आपोआप चालणाऱ्या कोडचा) क्लास सापडत नाही, एवढंच लॉगमध्ये. मी जार फायली मोजत बसले, मेव्हनचं कॅश पुसलं, पोराला दोन वेळा उगाच बोलले.

कारण साधं होतं. टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटच्या पॅकेजचं नाव 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' झालंय. स्प्रिंग ५.३ जुन्याच नावावर बांधलेलं आहे. नवं नाव हवं तर स्प्रिंग ६ घ्या, आणि त्याला किमान जावा १७ लागतं. चाळीस जुन्या सर्व्हलेटना हात लावायचा नाही असं ठरलेलं असताना हा उपद्व्याप कशाला? परत ९ वर आले. चार तास गेले.

गुरुवार, ६ जून

पोराने सर्व्हलेट चालू करून दाखवलं. मी खूश. मग कोड पाहिला.

पोस्टच्या मेथडमध्ये, दर रिक्वेस्टला, एक्सएमएल फाइल वाचून नवा अॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट (स्प्रिंगचा सगळ्या बीन्स ठेवायचा डबा, म्हणजेच कंटेनर) तयार करायचा, त्यातून ठेवसेवा मागायची, काम उरकायचं. एका अपलोडला सहा सेकंद लागत होते. "ताई, पण चालतंय ना," तो म्हणाला. खरं सांगायचं तर मीही म्हटलं, चालतंय तर राहू दे, नंतर बघू. ही माझी पहिली खरी चूक.

दुपारी वीस एजंट एकामागोमाग फाइल पाठवतायत अशी नक्कल केली. चौदापर्यंत नीट. पंधराव्याला मायएसक्यूएल म्हणालं, कनेक्शन फार झाली.

हिशेब मांडला तर तंतोतंत जुळला. मायएसक्यूएलची कनेक्शनची मर्यादा मुळात १५१ असते, आपण कधी बदलली नव्हती. हिकारीचा पूल मुळात १० कनेक्शनचा आणि तो दहाच्या दहा उघडूनच ठेवतो. अॅप्लिकेशनचा स्वतःचा एक पूल आणि चौदा अपलोडचे चौदा, झाली १५०. पंधराव्याला उरलं फक्त एक. नवे कॉन्टेक्स्ट बंद कोणीच करत नव्हतं, म्हणून पूलही उघडेच.

पोराने तेवढ्यात तो कॉन्टेक्स्ट स्टॅटिक करून टाकला, म्हणजे एकदाच तयार होईल. वेग आला, कनेक्शन वाचली. पण नको म्हटलं. स्प्रिंगमध्ये 'सिंगलटन' म्हणजे अख्ख्या जेव्हीएममध्ये (चालू जावा प्रोग्रॅममध्ये) एक नव्हे, एका कंटेनरमध्ये एक. दोन कंटेनर म्हणजे दोन ठेवसेवा. प्रत्येकाने वेगळी चूल मांडायची असेल तर मग हे काम घेतलंच कशाला. हे त्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि पुढे काय झालं ते वीस तारखेपासून वाचा.

मंगळवार, ११ जून

आज दार सापडलं. म्हणजे दार आधीपासून होतंच, आम्ही खिडकीतून चढत होतो.

स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट लोडर लिसनर वेब.एक्सएमएलमध्ये (अॅप्लिकेशनच्या नोंदणीच्या फाइलमध्ये) नोंदवला की अॅप्लिकेशन उठताना तो एक मूळ कॉन्टेक्स्ट तयार करतो आणि सर्व्हलेट कॉन्टेक्स्टमध्ये ठरलेल्या नावाने अडकवून ठेवतो. सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट अख्ख्या वेब अॅप्लिकेशनचा एकच असतो आणि जुनं-नवं कुठलंही सर्व्हलेट, फिल्टर, लिसनर त्याच्यापर्यंत पोचतो. वेब अॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट युटिल्स या क्लासला तो हातात दिला की मूळ कॉन्टेक्स्ट मिळतो. दोन ओळींचं काम.

त्या दोन ओळींना आम्हाला दीड दिवस लागला. का ते क्रमाने:

सकाळी पहिलाच एरर: कॉन्टेक्स्ट सापडत नाही, लिसनर नोंदवला आहे का? नव्हता. गेल्या वर्षी मी फक्त डिस्पॅचर सर्व्हलेट (स्प्रिंगचं, आलेल्या मागण्या वाटून देणारं) लावलं होतं, सगळ्या बीन्स त्याच्याच एक्सएमएलमध्ये. स्प्रिंगमध्ये दुसरी एक मेथड आहे, ती डिस्पॅचरने प्रसिद्ध केलेला कॉन्टेक्स्टही शोधून देते, आणि क्षणभर तीच वापरावीशी वाटली. पण मग डिस्पॅचर आपल्याआधी उठलेलं असायला हवं, म्हणजे लोड-ऑन-स्टार्टअपच्या, म्हणजे कोण आधी उठणार ते ठरवणाऱ्या, आकड्यांवर सगळा डोलारा. त्यापेक्षा लिसनर लावला, सेवांची एक्सएमएल फाइल मूळ कॉन्टेक्स्टला वाचायला दिली. लिसनर हे फिल्टर आणि सर्व्हलेट यांच्या आधी उठतात, त्यामुळे क्रमाची चिंता मिटते.

मग नल पॉइंटर, म्हणजे जिथे ऑब्जेक्ट हवा तिथे काहीच नाही. पोराने सर्व्हलेटची इनिट मेथड (उठताना एकदा चालणारी) लिहिली, पण कॉन्फिग घेणारी, आणि आत वरच्या क्लासची इनिट बोलावलीच नाही. कॉन्फिग कुठे साठवलाच गेला नाही, मग सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट मागितला की नल. उपाय: बिनआर्ग्युमेंटची इनिट लिहा. ती याचसाठी ठेवलेली आहे. कन्स्ट्रक्टरमध्येही मागू नका, तेव्हा कॉन्फिग आलेलाच नसतो.

शेवटी क्लास कास्ट एक्सेप्शन (ऑब्जेक्ट एका जातीचा, मागितला दुसऱ्या जातीचा), 'प्रॉक्सी २७' असलं काहीतरी. ठेवसेवेवर ट्रान्झॅक्शन (सगळ्या नोंदी एकत्र होतील, नाहीतर एकही नाही) लावलेलं आहे, त्यामुळे कंटेनर मूळ ऑब्जेक्ट देत नाही, त्याच्यावर पांघरूण घातलेला प्रॉक्सी देतो. क्लासने इंटरफेस (नुसती मेथडची यादी) घेतलेला असेल तर प्रॉक्सी फक्त इंटरफेसचा असतो. आम्ही कास्ट करत होतो इम्प्लिमेंटेशनच्या क्लासला. इंटरफेसचं नाव घातलं, चाललं.

संध्याकाळी वीस अपलोड. प्रत्येकी अर्ध्या सेकंदाच्या आत.

शुक्रवार, १४ जून

फिल्टर. एजंटचं मशीन खरंच आपलं आहे ना, हे तपासणारा जुना फिल्टर आहे, त्यालाही बीन हवी. इथे युटिल्स वापरायची गरज नाही, स्प्रिंगचा डेलिगेटिंग फिल्टर प्रॉक्सी आहे. वेब.एक्सएमएलमध्ये फिल्टरचं नाव तेच ठेवायचं जे बीनचं नाव, बस. आमच्याकडून बीन डिस्पॅचरच्या फाइलमध्ये लिहिली गेली आणि 'अशी बीन नाही' आलं. डिस्पॅचरचा कॉन्टेक्स्ट हा मूळ कॉन्टेक्स्टचं पोर. पोराला आईबापांच्या बीन्स दिसतात, आईबापांना पोराच्या दिसत नाहीत. बीन वर नेली, संपलं.

सुट्ट्यांची यादी वाचणारा एक जुना लिसनर होता, त्यालाही कॉन्टेक्स्ट नलच मिळत होता. वेब.एक्सएमएलमध्ये तो स्प्रिंगच्या लिसनरच्या वर होता. लिसनर लिहिलेल्या क्रमाने उठतात आणि बंद होताना उलट्या क्रमाने. ओळ खाली नेली. पाच मिनिटं.

शनिवार, १५ जून

पेढीत चढवलं. संध्याकाळी एजंट आले, फायली गेल्या, कोणी काही बोललं नाही. कॅशियर काकूंनी चहा पाजला.

गुरुवार, २० जून

काकूंचा फोन. एकच पावती क्रमांक दोन जणांना गेलाय. एक काउंटरवर भरलेली ठेव, एक पिग्मीची. मुदत एक, क्रमांक एक, माणसं वेगळी.

पावती क्रमांक देणारी बीन माझीच. उठताना टेबलमधून शेवटचा क्रमांक वाचते आणि मग स्वतःच्या पोटात वाढवत नेते. गेल्या वर्षी असं लिहिताना 'एकच तर बीन असणार' असं धरून चालले होते.

मी काय केलं? पावती क्रमांकावर टेबलमध्ये युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर नाकारणारा) लावला, आणि आपटलं तर पुढचा क्रमांक घेऊन पुन्हा प्रयत्न. पोराला म्हटलं, एकाच वेळी दोन थ्रेड (समांतर चालणारी कामं) आले असतील. तो म्हणाला, "पण ताई, अॅटॉमिक इंटिजर आहे ना तिथे?" (तो असला की दोन थ्रेडना एकच आकडा मिळत नाही.) मी म्हटलं, बघू नंतर. दुखणं काय ते न बघता वर मलम चोळलं. दोन तास लागले, आणि हे दोन तास मला पुढे फार महाग पडले.

सोमवार, १ जुलै

शनिवारी रात्री वर्ल्डकप जिंकला, काल दिवसभर कोणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, माझंही. ३० जूनला रात्री ११ वाजता बचत खात्यांवरचं सहामाही व्याज जमा करणारं काम आपोआप चालतं. चालेल म्हणून झोपले.

सकाळी साडेदहाला काकूंनी पहिल्याच खातेदाराचं पासबुक छापलं आणि मला केबिनमधून हाक मारली. पासबुक समोर धरलं. दोन ओळी, एकाखाली एक:

३०-०६ व्याज जमा ८७.००
३०-०६ व्याज जमा ८७.००

"मॅडम, यंदा पेढी फार उदार झाली," मॅनेजर साहेब म्हणाले. हसले नाहीत.

सगळ्या बचत खात्यांना दुप्पट. बाराशेहून जास्त खाती. पहिल्यांदा व्याजाचे पैसे काढणं थांबवलं, पासबुक छपाई बंद केली. काउंटरवर 'मशीन बंद आहे' अशी पाटी. लोकांना वाटलं पावसाने.

शोधायला अर्धा तासही लागला नाही, कारण एकाच वेळी ११:००:०० च्या दोन ओळी लॉगमध्ये होत्या. ठेवसेवेच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक ओळ टाकली: उठताना स्वतःचा आयडेंटिटी हॅशकोड (त्या ऑब्जेक्टचा ओळख-आकडा) छाप. चाचणीच्या मशीनवर अॅप्लिकेशन उठवलं. ओळ दोनदा आली, दोन वेगळे आकडे.

११ जूनला मी सेवांची फाइल मूळ कॉन्टेक्स्टला दिली. पण डिस्पॅचरच्या फाइलमध्ये त्याच फाइलचा इम्पोर्ट (ती फाइलही वाच, असं सांगणारी ओळ) गेल्या वर्षीपासून होता, तो काढलाच नाही. त्यामुळे सगळ्या सेवा दोनदा तयार झाल्या. एकदा वर, एकदा डिस्पॅचरच्या पोटात. जुनं सर्व्हलेट वरची ठेवसेवा वापरत होतं, काउंटरचे कंट्रोलर (डिस्पॅचर ज्यांच्याकडे मागणी देतं ते क्लास) स्वतःजवळची, कारण बीन जवळ सापडली की पोराचा कॉन्टेक्स्ट वर बघतच नाही. क्रमांक देणाऱ्या बीनही दोन, वीस तारखेची पावती त्यामुळेच. आणि वेळेवर काम चालवणारी खूणही त्याच फाइलमध्ये, म्हणून व्याजाचं काम दोन कॉन्टेक्स्टनी दोनदा लावलं. दोघांनी ११ वाजता बघितलं, व्याज जमा नाही, दोघांनी केलं.

एरर एकही नाही. वॉर्निंग एकही नाही. स्प्रिंगच्या नजरेने हे सगळं बरोबरच होतं.

मंगळवार, २ जुलै ते गुरुवार, ४ जुलै

उलट नोंदी. प्रत्येक खात्याला जादा व्याजाची नावे नोंद, कीर्दीत वेगळा शेरा, मग तेरीज जुळवायची. स्क्रिप्टने एका झटक्यात झालं असतं, पण मॅनेजर साहेबांनी प्रत्येक पानावर सही करायची असं धरलं, आणि बरोबरच धरलं. माझ्यावर विश्वास ठेवायचं कारण मी सोमवारीच घालवलेलं होतं. काकू आकडे वाचणार, मी टिक करणार. तीन दिवस दुपारचा डबा तिथेच.

काही जणांनी सोमवारी सकाळीच पैसे काढले होते. त्यांच्या खात्यातून पुढे वळते करायचे असं ठरलं. एका आजोबांनी मला विचारलं, "पोरी, व्याज आलं ते परत का गेलं?" मी सांगितलं, माझी चूक. ते म्हणाले, मग ठीक आहे.

गुरुवारी दुपारी पोरगा मरीन ड्राइव्हला टीमची बस बघायला जाऊ का म्हणून घुटमळत होता. जा म्हटलं.

दुरुस्त्या, महत्त्वाच्या क्रमाने:

डिस्पॅचरच्या फाइलमधला इम्पोर्ट काढला. आता वर सेवा, डेटाबेस, वेळेची कामं. खाली फक्त कंट्रोलर आणि व्ह्यू. घटक शोधणारं स्कॅनही दोन्हीकडे वेगवेगळ्या पॅकेजवर. अख्ख्या पॅकेजवर दोन्हीकडे स्कॅन लावलं असतं तरी हाच घोळ झाला असता.

व्याजाच्या नोंदीवर खातं, कालावधी आणि प्रकार मिळून युनिक इंडेक्स. म्हणजे काम दहा वेळा चाललं तरी दुसरी नोंद टेबलच नाकारेल. हा इंडेक्स व्याजाचं काम लिहितानाच लागायला हवा होता.

पावती क्रमांक आता पोटात वाढत नाहीत, दर वेळी टेबलवर कुलूप लावून घेतले जातात. थोडं हळू, पण पतपेढीत सेकंदाला एक पावतीही फाटत नाही.

आणि हॅशकोडची ती ओळ तशीच ठेवली. अॅप्लिकेशन उठलं की आम्ही दोघं ती मोजतो.

शुक्रवार, ५ जुलै

इम्पोर्ट काढल्यावर नवीन घोळ, पण या वेळी चाचणीतच सापडला. काउंटरच्या एका कंट्रोलरवर गेल्या वर्षी मी आळसाने थेट ट्रान्झॅक्शनल लिहिलं होतं. मध्येच मुद्दाम एरर टाकला तर ठेव जमा झाली आणि खतावणीची ओळ गेलीच नाही, अर्धी नोंद तशीच राहिली.

ट्रान्झॅक्शनच्या खुणा वाचणारी सूचना फक्त ज्या कॉन्टेक्स्टमध्ये लिहिली असेल त्याच्याच बीन्स बघते. ती आता वर आहे, कंट्रोलर खाली. त्यामुळे कंट्रोलरवरची खूण म्हणजे नुसती शोभा. काम सेवेत नेलं, जिथे ते मुळात असायला हवं होतं. सूचना दोन्हीकडे लिहूनही भागलं असतं, पण दोन्हीकडे लिहिण्याची हौस माझी फिटली.

सोमवार, ८ जुलै

रात्री १ ते सकाळी ७ मध्ये काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. रेल्वे ठप्प. पुन्हा घर.

मॅनेजर साहेबांना आता एजंटच्या मशीनवर कर्जाचे हप्तेही घ्यायचेत. म्हणून हप्त्याचं जुनं सर्व्हलेट कर्जसेवेला जोडलं. लगेच एरर: या थ्रेडला रिक्वेस्ट बांधलेली नाही.

कर्जसेवेत 'चालू वापरकर्ता' नावाची सेशन स्कोपची (दर वापरकर्त्याच्या सेशनला वेगळी) बीन टोचलेली आहे, नोंद कोणी केली ते लिहायला. अशा बीनला चालू रिक्वेस्ट कोणती ते कळावं लागतं, आणि ते काम डिस्पॅचर करतं. जुनं सर्व्हलेट डिस्पॅचरच्या बाहेर. शोधलं तर उपाय मिळाला, रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट लिसनर वेब.एक्सएमएलमध्ये लावा. लावला. एरर गेला.

पोरगा फोनवर, "झालं ना ताई?" या वेळी मी नोंदी उघडून बघितल्या. 'नोंद केली' हा रकाना रिकामा. हातातलं मशीन कुकी ठेवत नाही, दर अपलोडला टॉमकॅट नवं सेशन देतं, त्यात वापरकर्ता कुठून येणार? शिवाय ती सेशन्स अर्धा तास पडून राहतात. आणि रात्रीच्या कामाला तर रिक्वेस्टच नसते, तिथे लिसनरचाही इलाज नाही.

म्हणून वापरकर्ता कर्जसेवेतून काढला. आता प्रत्येक मेथडला तो आर्ग्युमेंट म्हणून द्यावा लागतो. कंट्रोलर सेशनमधून देतो, सर्व्हलेट फाइलमधला एजंट क्रमांक देतं, रात्रीचं काम 'यंत्रणा' देतं. अठरा मेथडच्या सह्या, म्हणजे आर्ग्युमेंटच्या याद्या, बदलाव्या लागल्या, पूर्ण दिवस गेला. पण दुसऱ्याला वापरायला द्यायची सेवा असेल तर तिने कुठल्या दारातून हाक आली याच्यावर अवलंबून राहू नये, हे माझं आता पक्कं मत आहे. लिसनर परत काढून टाकला.

बुधवार, १० जुलै

दोन किरकोळ.

जुन्या जेएसपींना शाखेचं नाव आणि आर्थिक वर्ष हवं होतं. त्या डिस्पॅचरमधून येत नाहीत, थेट उघडतात, त्यामुळे व्ह्यू रिझॉल्व्हरची बीन्स दाखवायची सोय त्यांच्या कामाची नाही. सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट अॅट्रिब्यूट एक्स्पोर्टर वापरला, तो बीन ठरलेल्या नावाने सर्व्हलेट कॉन्टेक्स्टमध्ये ठेवतो आणि जेएसपीत डॉलर-महिरपी कंसाने मिळते. पोराने उत्साहात ठेवसेवाही तशीच बाहेर ठेवली होती. काढायला लावली. जेएसपीतून ठेव बंद करता आली तर एक दिवस कोणीतरी करेलच. फक्त वाचता येईल अशी एक 'शाखामाहिती' बाहेर ठेवली.

दुसरं, पासबुक प्रिंटरचा क्लास. तो प्रिंटरची लायब्ररी स्वतः तयार करते, त्याला ना सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट ना काही. तिथे मात्र स्टॅटिक होल्डरशिवाय गत्यंतर नव्हतं: एक बीन उठताना मूळ कॉन्टेक्स्ट स्वतःच्या स्टॅटिक फील्डमध्ये ठेवते. मी परवानगी दिली एका जागेची. संध्याकाळी शोध मारला तर होल्डर अकरा ठिकाणी. "सोपं पडतं ताई." सोपं पडतं हीच अडचण आहे. कोणाला काय लागतं ते कोडवरून दिसेनासं होतं, आणि उठायच्या आधी कोणी हाक मारली की नल. दहा ठिकाणचे काढले.

त्याच ओघात टॉमकॅटची एक जुनी वॉर्निंग दिसली: अॅप्लिकेशन बंद झालं पण एक थ्रेड चालूच आहे, मेमरी गळेल. जुन्या कोडमधला एक टायमर. तो थ्रेड जिवंत राहिला की सबंध अॅप्लिकेशनचा क्लास लोडर (त्याचा सगळा कोड मेमरीत धरणारा) अडकून राहतो, आणि आता होल्डरमुळे त्याला लटकून स्प्रिंगचा अख्खा कॉन्टेक्स्टसुद्धा. दर वेळी नवीन वॉर (अॅप्लिकेशनची बांधलेली फाइल) चढवल्यावर मशीन का जड होतं ते कळलं. टायमरचं काम स्प्रिंगच्या वेळेच्या कामांत नेलं, मूळ कॉन्टेक्स्टमध्ये, एकदाच.

शनिवार, १३ जुलै

सकाळी चढवलं. लॉगमध्ये ठेवसेवेची ओळ एकदा. पोराने मोठ्याने वाचली, "एक."

तीन आठवड्यांचे सहा झाले. माझे ११८ तास, त्यातले ३१ फक्त त्या एका इम्पोर्टच्या ओळीचे. जादा तासांचे पैसे मागितले नाहीत, मॅनेजर साहेबांनीही काढले नाहीत. पोराला ठरल्याप्रमाणे १५,००० दिले. प्रवास आणि डब्याचा खर्च धरून मला हातात जे उरलं ते सांगण्यासारखं नाही.

राहिलेलं: तीन सर्व्हलेट अजून स्वतःच्या एसक्यूएलवर आहेत, लॉकर भाडं, शेअर सर्टिफिकेट आणि एक जे काय करतं ते कोणालाच माहीत नाही. शेअरचं आधी घ्यायचंय.

संध्याकाळी सव्वासहाला एजंट आले. छत्र्या दारात, मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. एकाचं अपलोड अडकलं. आम्ही दोघं एकदम लॉगवर झेपावलो. वायफाय गेलं होतं, राउटरची पिन काकूंच्या मोबाइल चार्जरसाठी काढलेली.